०.२९ चे ७/२५ कसे झाले?

दशांश अपूर्णांक द्यायचा आणि प्रोग्रामने त्याचा अंश-छेदवाला साधा अपूर्णांक करून द्यायचा. बघायला गेलं तर एवढंसं काम, पण या वेळी त्यावर इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि कोडच्या ओळी इथे छापत बसत नाही, कारण कुणी पायथॉनमध्ये लिहितंय, कुणी जावामध्ये, कुणी सी मध्ये, आणि अडकतात सगळे त्याच जागी.

प्रश्न: सर, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. युजरने टाकलेली संख्या घेते, दशांश चिन्हानंतर किती अंक आहेत ते मोजते, तेवढी शून्यं असलेल्या १०, १०० किंवा १००० ने गुणते, इंटिजर (पूर्ण संख्या) करते आणि मग मसावि काढून अंश-छेद दोघांना भागते. ०.६२५ चे ५/८ येतात, ०.७५ चे ३/४ येतात, पण ०.२९ टाकलं की ७/२५ येतं. लॉजिक परत परत तपासलं, चूक कुठे आहे तेच कळत नाहीये.

उत्तर: लॉजिक बरोबरच आहे गं, घोळ गुणाकारात आहे. इंटिजर करायच्या आधी ०.२९ गुणिले १०० नुसतं प्रिंट करून बघ. स्क्रीनवर २९ येणार नाही, २८.९९९९९९९९९९९९९९६ येईल. आणि इंटिजर करताना बहुतेक भाषा जवळच्या पूर्ण संख्येकडे जात नाहीत, चिन्हाच्या पुढचं सगळं सरळ कापून टाकतात. म्हणून राहिले २८, मग २८/१००, मसावि ४, आणि उत्तर ७/२५. मसाविने त्याचं काम चोख केलंय, त्याला दिलेला अंशच चुकीचा होता. ४.३५ टाकून बघ, तिथेही हेच होईल, ४३५ च्या जागी ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं आणि ८७/२० ऐवजी २१७/५० हातात पडतं.

गुणाकारानंतर राउंड लाव म्हणून कुणीतरी सांगेलच, आणि ते लावलं की हे दोन्ही सुटतात, थोड्या अंकांच्या संख्यांना पुरतंही. पण मला तो उपाय आवडत नाही, कारण तू अंक मोजतेस म्हणजे संख्या तुझ्याकडे आधीच स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसत्या अक्षरांची ओळ म्हणून आहे, युजरने टाइप केली तशीच्या तशी, एक अंकही इकडचा तिकडे नाही. मग तिला फ्लोट, म्हणजे संगणकाची दशांश संख्या, करून बिघडवायची आणि राउंडने परत दुरुस्त करायची, हा द्राविडी प्राणायाम कशाला? स्ट्रिंगमधून दशांश चिन्ह काढून टाक, "०२९" उरेल, त्याचं थेट इंटिजर कर, २९ झाले. छेद १०० घे, कारण चिन्हानंतर दोन अंक होते. फ्लोट मध्ये कुठे आलाच नाही त्यामुळे चुकायचा प्रश्नच मिटला. ०.६२५ चं तसंच, ६२५ आणि १०००. १००० ला ६२५ ने भागलं की बाकी ३७५, ६२५ ला ३७५ ने भागलं की २५०, ३७५ ला २५० ने भागलं की १२५, आणि २५० ला १२५ ने भागलं की बाकी शून्य. म्हणजे मसावि १२५ आणि उत्तर ५/८. बाकीने बाकीला भागत जायची ही रीत युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लिहून ठेवली आणि आजही प्रोग्राममध्ये हीच चालते. पायथॉनमध्ये आणि सी प्लस प्लसच्या २०१७ च्या आवृत्तीपासून तयार फंक्शनही मिळतं, पण प्रोजेक्टला स्वतः लिहिलेलंच दाखव, चार ओळींचं तर आहे.

प्रश्न: पायथॉनच्या फ्रॅक्शन क्लासला ०.१ दिलं तर तो म्हणतो ३६०२८७९७०१८९६३९७ / ३६०२८७९७०१८९६३९६८. हा काय प्रकार आहे? लायब्ररीत बग आहे का?

उत्तर: बग नाही, उलट इतकं खरं उत्तर दुसरं कुणी देणार नाही. तुम्ही ०.१ लिहिलंत तरी त्या फ्लोटमध्ये ०.१ कधी शिरलंच नव्हतं. फ्लोट, म्हणजे आपला नेहमीचा ६४ बिटचा डबल, ज्याचा नियम १९८५ मध्ये ठरला, तो कुठलीही संख्या साठवताना छेदात फक्त २ चा घात ठेवू शकतो. २, ४, ८, १६ असं वर वर. ३/४ त्यात अचूक बसतो, ५/८ बसतो, म्हणून वरच्या ताईंच्या प्रोग्राममध्ये ती उत्तरं बरोबर आली. पण १/१० च्या छेदात ५ लपलाय, आणि २ ला २ ने कितीही गुणलं तरी त्यातून ५ निघणार नाही. आपण कागदावर १/३ लिहायला गेलो की ०.३३३ करत बसतो ना, तसंच बायनरीत १/१० चं होतं, अंक संपतच नाहीत. अंक साठवायला जागा ५३ बिटची, तिथे कापावंच लागतं.

आता ती अवाढव्य संख्या जरा जवळून बघा. छेद ३६०२८७९७०१८९६३९६८ म्हणजे २ चा ५५ वा घात. त्याचा बरोब्बर दहावा भाग होतो ३६०२८७९७०१८९६३९६.८, पण अंश तर पूर्ण संख्या हवी, मग तो .८ वर ढकलून ३९६ चे ३९७ केलेत. बस, तुमच्या ०.१ चा अंश तेवढ्या दोन दशांशाने फुगलाय. फ्रॅक्शन क्लासने ते लपवलं नाही एवढाच त्याचा गुन्हा. प्रिंट केल्यावर ०.१ दिसतं ते प्रिंट करणाऱ्याच्या चांगुलपणामुळे, तो ओळख पटेल एवढेच अंक दाखवतो.

उपाय सोपा आहे, त्याच क्लासला ०.१ अवतरण चिन्हात द्या, म्हणजे स्ट्रिंग म्हणून, लगेच १/१० मिळेल. जावावाल्यांनीही बिगडेसिमलला डबल दिला की ०.१००००००००००००००००५५५ अशी शेपटी निघते, स्ट्रिंग दिली की निघत नाही. संख्या कुठून आली यावर सगळं ठरतं. टाइप केलेली असेल तर ती टाइप केलेल्या रूपातच धरा, तिचा फ्लोट होऊ देऊ नका.

प्रश्न: स्ट्रिंगवालीच पद्धत वापरतोय, चिन्हाच्या अलीकडचा भाग वेगळा आणि पलीकडचा वेगळा काढतो. पण उणे ०.५ दिलं की उत्तर अधिक १/२ येतं आणि उणे २.७५ दिलं की उणे ५/४!

उत्तर: स्ट्रिंगचे दोन तुकडे केले की पहिला तुकडा "-०", त्याचं इंटिजर शून्य, आणि उणे शून्य नावाचं काही इंटिजरमध्ये नसतं, त्यामुळे चिन्ह तिथेच गळालं. दुसऱ्या उदाहरणात चिन्ह टिकलं पण पुढचे ०.७५ तुम्ही उणे २ मध्ये मिळवलेत, म्हणून उणे १.२५ झालं. सगळ्यात आधी चिन्ह काढून बाजूला ठेवा, बाकी सगळं काम अधिक संख्येवर करा, शेवटी अंशाला चिटकवा. याचा अजून एक फायदा म्हणजे उणे संख्यांची बाकी काही भाषा उणे देतात काही अधिक देतात, ती भानगड मसाविपर्यंत पोचतच नाही.

तुकडे करताय तर अजून एक बघून घ्या, ०.०५ मधला "०५" इंटिजर झाला की ५ होतो, मग त्याची लांबी मोजलीत तर १ येईल आणि उत्तर १/२. लांबी आधी मोजायची, इंटिजर नंतर करायचं. आणि सी किंवा जावामध्ये ६४ बिटचा इंटिजर ९२२३३७२०३६८५४७७५८०७ वर संपतो, म्हणजे चिन्हानंतर १८ अंकांपर्यंतचाच छेद त्यात मावतो, १९ वा अंक आला की ओव्हरफ्लो, म्हणजे संख्या जागेबाहेर जाते, आणि तो एरर न देता गपचूप कचरा देतो. जावामध्ये तिथे बिगइंटिजर घ्या. पायथॉनवाल्यांना ही चिंता नाही.

प्रश्न: युजर ०.३३३३ टाकतो आणि त्याला १/३ हवं असतं. मी ३३३३/१०००० देतो तर म्हणतो प्रोग्राम चुकीचा आहे. कुणाचं बरोबर?

उत्तर: दोघांचंही, आणि म्हणून हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. ०.३३३३ ही संख्या म्हणून ३३३३/१०००० च आहे, त्यात काही खोट नाही. पण युजरच्या मनात ती कशाची तरी कापलेली शेपटी आहे, आणि ते मनातलं प्रोग्रामला कसं कळणार? त्याला विचारावं लागेल, नाहीतर तुम्हाला ठरवावं लागेल.

विचारायचं असेल तर आवर्ती अंक वेगळे टाकायची सोय द्या, शाळेत आपण डोक्यावर रेघ द्यायचो ते अंक. मग उत्तर अचूक निघतं, अंदाज लागतच नाही. समजा ०.५८३३३… आहे, ३ आवर्ती आणि ५८ एकदाच येतात. आवर्तीचा एक फेरा धरून लिहिलं की ५८३, त्यातून न फिरणारे ५८ वजा केले, उरले ५२५. छेदात जेवढे अंक फिरतात तेवढे ९ आणि जेवढे फिरत नाहीत तेवढी त्यापुढे शून्यं, म्हणजे ९००. ५२५/९०० ला ७५ ने भागलं की ७/१२. याच रीतीने ०.९९९… दिलंत तर ९/९ म्हणजे १ येतो, त्यावरून बग म्हणून मेल करू नका, ते बरोबर आहे.

पण बहुतेक वेळा युजर रेघबिघ काही देत नाही, कॅल्क्युलेटरवर दिसलं तेवढं ०.५८३३३ टाकतो आणि मोकळा होतो. किंवा संख्या दुसऱ्या प्रोग्राममधून फ्लोट म्हणून आलेली असते, स्ट्रिंग कधी नव्हतीच. तिथे कंटिन्यूड फ्रॅक्शन वापरायचं. नाव जड आहे, पण वर मसाविसाठी केलेला भागाकारच आहे तो, फक्त तिथे आपण बाकी ठेवत होतो आणि भागाकार टाकून देत होतो, इथे भागाकार जपून ठेवायचे. ५८३३३/१००००० घ्या. १००००० ला ५८३३३ ने भागलं, भागाकार १, बाकी ४१६६७. ५८३३३ ला ४१६६७ ने, परत १, बाकी १६६६६. मग भागाकार २, बाकी ८३३५. मग १, बाकी ८३३१. मग १, आणि बाकी फक्त ४. आणि पुढचा भागाकार येतो २०८२.

१, १, २, १, १ असे चिल्लर आकडे चालले होते आणि एकदम २०८२! असा मोठा आकडा आला की समजायचं, आपण जिथे पोचायचं होतं तिथे आधीच पोचलोय आणि आता नुसती कापलेली शेपटी मोजतोय. त्याच्या अलीकडे थांबायचं. अपूर्णांक बनवायला नियम एकच, नवा अंश म्हणजे भागाकार गुणिले मागचा अंश अधिक त्याच्या मागचा अंश, छेदाचंही तसंच. सुरुवातीला ०/१ आणि त्याआधी नावापुरता १/० धरायचा. मग एकेक पायरी येते १/१, १/२, ३/५, ४/७, ७/१२, आणि २०८२ घेतलाच तर पुढचा होतो १४५७८/२४९९१. युजरला ७/१२ हवं होतं का १४५७८/२४९९१ हे मी सांगायला नको.

प्रोग्रामला मात्र "मोठा आकडा" ही भाषा कळत नाही, त्याला नेमकी अट द्यावी लागते. माझ्या मते सगळ्यात सरळ अट अशी की टाकलेल्या शेवटच्या अंकाच्या निम्म्यापेक्षा कमी फरक राहिला की थांब. पाच अंक टाकलेत तर सूट ०.०००००५. ७/१२ चा फरक साधारण ०.०००००३३, म्हणून चालला, ४/७ चा तर दुसऱ्याच अंकात फरक पडतो. युजरने जेवढे अंक टाकले तेवढाच त्याच्यावर विश्वास, त्याहून जास्तही नाही आणि कमीही नाही. कोडमध्ये ०.०००००१ असा एकच आकडा कायमचा ठोकून ठेवलेले प्रोग्राम बघितलेत, ०.३३ टाकलं की ते ३३/१०० च देत बसतात. पायथॉनमध्ये छेदाची मर्यादा घालणारं फंक्शन तयार आहे, काही सांगितलं नाही तर ते दहा लाखांपर्यंतचा छेद चालवून घेतं, त्यामुळे ०.५८३३३ स्ट्रिंग म्हणून देऊन नुसतं ते वापरलंत तर ५८३३३/१००००० जसाच्या तसा परत मिळेल. मर्यादा तुम्ही द्यायची, १०० किंवा १०००, काम काय आहे ते बघून.

हे सगळं एकदा ३.१४१६ वर, म्हणजे पाय (π) च्या जवळच्या किमतीवर, चालवून बघाच. भागाकार येतात ३, ७, १६, ११ आणि बाकी संपते. अपूर्णांक होतात ३/१, २२/७, ३५५/११३ आणि शेवटी ३९२७/१२५०. यातला शेवटचा आणि २२/७ हे दोन्ही भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत दिलेत, ३९२७/१२५० ला सूक्ष्म म्हटलंय आणि २२/७ ला स्थूल, पण व्यवहाराला योग्य. मधला ३५५/११३ चीनमध्ये पाचव्या शतकात गणिती त्सू छोंगजींनी काढला होता. आमच्या निम्म्या अंकाच्या अटीने प्रोग्राम ३५५/११३ वर थांबतो, आणि गंमत म्हणजे टाकलेल्या ३.१४१६ पेक्षा तोच खऱ्या पायच्या जास्त जवळ आहे. स्थूल हवं की सूक्ष्म हे वापरणाऱ्याने ठरवायचं, म्हणून ती सूट फंक्शनमध्ये पुरून न ठेवता बाहेरून देता येईल अशी ठेवा.

प्रश्न: यावर एक सोपी पद्धत वाचली, दोन अपूर्णांकांच्या मध्ये अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून नवा अपूर्णांक बनवायचा आणि संख्या ज्या बाजूला असेल तिकडे सरकत जायचं. ती का नाही सांगितली?

उत्तर: सांगतो की. श्टर्न-ब्रोको झाड म्हणतात त्याला, श्टर्न जर्मन गणिती, १८५८ चा, आणि ब्रोको पॅरिसचा घड्याळजी, त्याने १८६१ मध्ये दात्यांच्या चाकांची जोडी ठरवायला ही युक्ती मांडली. चाकाला अमुक दात्यांपेक्षा जास्त दाते कापता येत नाहीत, म्हणजे छेदाची मर्यादा आलीच. पद्धत सुंदर आहे आणि एका बाबतीत वरच्यापेक्षा चांगलीही आहे, दिलेल्या सुटीत बसणारा सगळ्यात लहान छेद ही हमखास शोधते. पायला ०.०५ ची सूट दिलीत तर १९/६ सुद्धा चालतो, पण नुसते कंटिन्यूड फ्रॅक्शनचे टप्पे बघणारा प्रोग्राम ३ वरून थेट २२/७ वर उडी मारतो, १९/६ त्याला दिसतच नाही.

त्रास वेगाचा आहे. ०.०००१ दिलंत की ती १/२, १/३, १/४ अशी एकेक पायरी उतरत १/१०००० पर्यंत जाते, तेच काम भागाकाराने एका झटक्यात होतं. लहान छेदांसाठी वापरा, बिनधास्त. कुठलीही संख्या येऊ शकते अशा ठिकाणी नको.

प्रश्न: इंचातली मापं दाखवायची आहेत, छेद २, ४, ८ किंवा १६ च हवा. ५.९७ ला माझा प्रोग्राम "५ पूर्णांक १६/१६" दाखवतो.

उत्तर: इथे मसावि, कंटिन्यूड फ्रॅक्शन, काहीच लागत नाही, छेद आधीच ठरलाय. तुम्ही ५ वेगळे काढून ०.९७ ला १६ ने गुणलंत, १५.५२ आले, राउंड केल्यावर १६, आणि ते तसेच छापलेत. पूर्ण भाग आधी वेगळा काढूच नका. ५.९७ गुणिले १६ म्हणजे ९५.५२, राउंड करून ९६, आणि आता १६ ने भागा, भागाकार ६, बाकी शून्य. बाकी शून्य असेल तर अपूर्णांक छापायचाच नाही, नसेल तर अंश-छेद दोन्ही सम आहेत तोवर २ ने भागत जायचं.

प्रश्न: एक्सेलमध्ये १/२ टाकलं की तारीख होते!

उत्तर: आधी शून्य, मग स्पेस, मग १/२ टाका. किंवा सेलचा फॉरमॅट टाइप करायच्या आधीच फ्रॅक्शन करून ठेवा. त्या फॉरमॅटमध्ये छेद एक अंकी, दोन अंकी, तीन अंकी किंवा ठराविक सोळांश वगैरे निवडता येतो, पण तो फक्त दिसण्यापुरता असतो, आत संख्या होती तशीच राहते. ०.५८३३३ चं दोन अंकी छेदात ७/१२ दिसेल, आणि त्याला १२ ने गुणलंत की ७ न येता ६.९९९९६ येईल.